जाहिरातीतला कातळ आणि दोराचे दुसरे टोक

कातळवाट (नाशिक)

नमस्कार. मी गेली सोळा वर्षे त्र्यंबक रांगेत आणि अंजनेरीच्या परिसरात प्रस्तरारोहण करतो आणि त्यातली सात वर्षे नवशिक्यांना शिकवतो. टीव्हीवरच्या जाहिरातीत कोणी कडा चढताना दिसले की घरातले सगळे माझ्याकडे बघतात. मी मात्र पडद्यावर एकच गोष्ट शोधत असतो, ती म्हणजे त्या माणसाच्या कमरेपासून निघालेला दोर कुठे जातो. बहुतेक वेळा तो चौकटीच्या खालच्या कडेपर्यंत जातो आणि तिथेच संपतो, आणि पुष्कळदा तो नसतोच. दोराचे दुसरे टोक ज्याच्या हातात असते त्या माणसाला जाहिरातीत जागा नाही, आणि चर्चेचा हा धागा मी त्याच्यासाठी काढला आहे.

ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. पहिला चढणारा वर जाताना कातळातल्या बोल्टमध्ये किंवा मेखेत कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) अडकवून त्यातून दोर घेत जातो, आणि खाली उभा असलेला बिलेअर त्याला लागेल तेवढा दोर सोडत राहतो. शेवटच्या बोल्टच्या वर सहा फूट गेल्यावर पाय सुटला, तर तो सहा फूट बोल्टपर्यंत आणि आणखी सहा फूट बोल्टच्या खाली येतो, शिवाय दोराचा ताण आणि सैल राहिलेला दोर वेगळाच. ही पडझड सोसण्यासाठीच चढाईचा दोर ताणला जाईल असा बनवतात. प्रमाणित एकेरी दोराची परीक्षा ८० किलो वजन सोडून घेतली जाते, त्याने अशी किमान पाच पतने सोसावी लागतात आणि पहिल्या पतनात बसणारा झटका १२ किलोन्यूटनच्या वर जाऊन चालत नाही. हे सगळे गणित मात्र खालच्या माणसाचा एक हात दोरावर सतत आहे असे धरूनच मांडलेले असते. तो हात नाकावर बसलेली माशी उडवायलासुद्धा दोरावरून काढायचा नसतो, आणि नवशिक्याला गाठीच्याही आधी आम्ही ही गोष्ट शिकवतो.

आता माझा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका जाहिरातीच्या चित्रीकरणात सुरक्षेची बाजू सांभाळायला आम्हा तिघांना बोलावले होते. जाहिरात चढाईच्या साहित्याची नव्हती, विकायची वस्तू आणि जिद्द यांची सांगड घालणे एवढाच तिचा हेतू होता. जागा आमच्या नेहमीच्या सरावाची, जेमतेम पस्तीस फुटांची कातळभिंत. कॅमेरा जमिनीला टेकवून वर रोखला होता, त्यामुळे पडद्यावर ती दोनशे फुटांची भासणार होती. चढणारी मुलगी आमच्याच गटातली होती आणि तिचा दोर वरच्या अँकरमधून (कातळात पक्क्या केलेल्या आधारातून) खाली आलेला होता.

पहिली मागणी हेल्मेट काढण्याची आली, कारण चेहऱ्यावर सावली पडत होती. मी तासभर वाद घातला, भिंतीवरचे सैल दगड आम्ही आदल्या दिवशी काढले असल्यामुळे शेवटी मान्य केले, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. दुसरी मागणी बिलेअरला चौकटीबाहेर काढण्याची होती. तो डावीकडे सरकला, आणखी सरकला, आणि शेवटी त्याला करवंदाच्या जाळीमागे बसवण्यात आले. तिथून त्याला चढणारी दिसत नव्हती, म्हणून मी मध्ये उभा राहून हाताने खुणा करत होतो. तिसरी मागणी दोर ताणलेला दिसू नये ही होती, म्हणून त्यात थोडा स्लॅक, म्हणजे सैलपणा, ठेवावा लागला.

चौथ्या वेळी तिचा पाय खरोखरच सुटला. ती चार-पाच फूट खाली आली आणि दोरावर थांबली. त्या झटक्याने बिलेअर पुढे खेचला जाऊन सरळ जाळीत गेला, पण त्याने दोर सोडला नाही. तिला खाली घेतल्यावर मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत त्याच्या दोन्ही हातांवर काट्यांचे लाल ओरखडे होते आणि तो मला विचारत होता, "ती ठीक आहे ना?"

जाहिरात टीव्हीवर आली तेव्हा त्यांनी पाय सुटण्याचे तेच दृश्य ठेवले होते. त्याला जोडून लगेच तिच्या बोटांचे जवळून घेतलेले दृश्य होते, ज्यात बोटे कातळाच्या खाचेत रुतून बसतात आणि ती स्वतःला सावरते. दोर संगणकावर पुसून टाकला होता. जे घडले ते दाखवले गेले, पण तिला कोणी धरले ही गोष्ट बदलून टाकली गेली, आणि मला ते खोटे वाटते. आपल्याला काय वाटते, हे जाणून घ्यायला आवडेल.

अक्षरजुळणी (मुंबई, मूळचा पंचवटीचा)

कातळवाट, मी जाहिरातींच्या संहिता लिहितो, त्यामुळे दुसरी बाजू मांडणे माझे कर्तव्य समजतो. तीस सेकंदांच्या जाहिरातीत शेवटची पाच-सहा सेकंदे वस्तूची आणि नावाची असतात. उरलेल्या चोवीस सेकंदांत माणूस कोण, त्याला काय हवे आणि अडचण काय, हे शब्दांवाचून कळावे लागते. कडा ही यासाठी सर्वांत सोपी खूण आहे, कारण वर जाणे म्हणजे प्रगती आणि खाली पडणे म्हणजे अपयश हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच ज्यांचा डोंगराशी काही संबंध नाही अशी उत्पादनेसुद्धा कड्यावर नेऊन ठेवली जातात. हा प्रघात जुना आहे. १९६४ मध्ये अमेरिकेत शेवरले कंपनीने युटा राज्यातल्या सुमारे ४०० फुटी सुळक्याच्या माथ्यावर हेलिकॉप्टरने मोटार नेऊन ठेवली आणि तिच्यासोबत एका मॉडेललाही तिथे उभे केले. मोटार तिथे कशी पोहोचली हा प्रश्न प्रेक्षकाने विचारू नये, अशीच त्या चित्राची रचना होती.

दुसरा माणूस दाखवला की गोष्ट दोघांची होते आणि मग त्यांचे नाते सांगावे लागते. तेवढा वेळ आमच्याकडे नसतो, म्हणून तो माणूस वगळला जातो. यात दुष्टावा नाही, पण आपण सांगितलेला प्रसंग वाचून मी अस्वस्थ झालो आहे हे कबूल करतो. संकलनाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला ते ओरखडे दिसलेले नसतात.

गोदातीर (नाशिक रोड)

मी शाळेत शिकवते आणि माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. आमच्या सोसायटीच्या मागे बांधकामासाठी खणलेल्या खड्ड्याची उभी भिंत आहे. मागच्या उन्हाळ्यात हा आणि त्याचे दोन मित्र त्या भिंतीवर एका हाताने लटकून एकमेकांचे फोटो काढत होते. ओरडण्याऐवजी मी त्याला विचारले की हे कुठे पाहिले, तेव्हा त्याने एका शीतपेयाच्या जाहिरातीतले वाक्य मला म्हणून दाखवले.

त्यानंतर मी अशा जाहिराती मुद्दाम लक्ष देऊन पाहिल्या. हे प्रसंग प्रशिक्षित व्यक्तींनी केले आहेत, अनुकरण करू नये, अशी सूचना पडद्याच्या तळाशी येते, पण मराठीत बोलणाऱ्या जाहिरातीतसुद्धा मला ती इंग्रजीत आणि इतक्या बारीक अक्षरांत दिसली की मी चष्मा लावून उठून जवळ जाईपर्यंत ती गेलेली होती. अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया ही स्वनियमन करणारी संस्था १९८५ पासून आहे, आणि सबळ कारण नसताना धोकादायक कृती दाखवू नये, सुरक्षेबद्दल बेपर्वाई दाखवू नये, असे तिच्या संहितेत म्हटले आहे. केंद्र सरकारने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध २०२२ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत जाहिरातीतला दावा ज्या भाषेत आहे त्याच भाषेत खुलासाही असावा असे आहे. धोक्याच्या सूचनेलाही हाच न्याय लागला पाहिजे, असे माझे मत आहे.

शिवाय दोर, हेल्मेट आणि खाली उभा असलेला माणूस पडद्यावर दिसत असता, तर मुलांना ती सूचना वाचायची गरजच पडली नसती. भाषेची शिक्षिका असूनही मी हे म्हणते आहे, कारण मुले अक्षरांच्या आधी चित्र वाचतात.

सह्यवारी (नाशिक)

मी ऐंशीच्या दशकात चढायला लागलो. धागाकर्त्याची कळकळ मला पटते, परंतु सगळा दोष जाहिरातीच्या माथी मारणे मला मान्य नाही. आपल्या मनातला चढणारा माणूस टीव्ही येण्यापूर्वीपासूनच एकटा आहे. हिरकणीचा कडा आपण लहानपणापासून ऐकत आलो, तिथे दोर नाही. कोंढाण्याच्या गोष्टीत दोर आहे, पण आपल्याला लक्षात राहिली ती घोरपड. ज्या मावळ्यांनी आधी वर जाऊन दोर खाली सोडले त्यांची नावे कोणाला सांगता येतील? त्याच प्रसंगाने आपल्या भाषेला 'परतीचे दोर कापणे' हा वाक्प्रचार दिला आणि तो आपण कौतुकाने वापरतो. लढाईत ते योग्यच होते, पण डोंगरात परतीचा दोर हीच पहिली गरज असते, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो.

दुसरी गोष्ट म्हणजे जाहिरातीतला कातळ आपला नसतो. पडद्यावर दिसतो तो बहुधा परदेशी वालुकाश्म, चुनखडी किंवा ग्रॅनाइट, स्वच्छ आणि अखंड. आपला बेसाल्ट थरांचा आहे, दोन थरांच्या मध्ये मुरमाड पट्टा, त्यावर वाळलेले गवत, आणि हाताला लागलेला दगड आपल्याच अंगावर यायची शक्यता. म्हणून आम्ही पकड घेण्याआधी दगडावर बोटांच्या पेरांनी ठोकून पाहतो. भरीव दगडाचा आवाज दबका येतो आणि सुटलेल्या दगडाचा पोकळ, मडक्यासारखा. अलंग-मदनच्या कातळटप्प्यावर चढणाऱ्या अनुभवी माणसाकडे पाहा, तो अर्धा वेळ दार वाजवत असल्यासारखा दिसतो. जाहिरातीत मी आजवर कोणालाही दगड ठोकताना पाहिलेले नाही.

१९८६ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक डग स्कॉट हरिहर किल्ल्याला आले होते आणि तिथल्या ज्या कड्यावर त्यांनी चढाई केली, तो आज स्कॉटिश कडा म्हणून ओळखला जातो. १९७५ मध्ये नैर्ऋत्य बाजूने एव्हरेस्ट चढलेला हा माणूस, पण आम्हा नाशिककरांना त्यांच्या येण्याचे अप्रूप वाटले ते आपला कातळ त्यांना चढण्याच्या योग्यतेचा वाटला म्हणून. आज त्याच हरिहरच्या दुसऱ्या अंगाला, कोरीव पायऱ्यांवर, सुट्टीच्या दिवशी रांग लागते. त्या पायऱ्यांच्या खोबणीत हात अडकवून मागे झुकून काढलेले फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. ती झुकण्याची पद्धत जाहिरातीतूनच आली आहे, एवढे मात्र मी मान्य करतो.

एक गोष्ट मात्र जाहिरातींच्या बाजूने नोंदवतो. माझ्याकडे शिकलेल्यांपैकी दोन मुली आज उत्तम लीड करतात, म्हणजे दोर घेऊन सर्वांत पुढे चढतात, आणि दोघींनाही चढाईची पहिली ओढ टीव्हीवरच्या जाहिरातीतून लागली. दोघी आल्या तेव्हा त्यांना वाटत होते की सगळा जोर दंडात हवा. चढाई पायांनी करायची असते, हे समजायला त्यांना दोन महिने लागले.

शोधबचाव (मनमाड)

आमच्याकडे अंकाई-टंकाईजवळ हडबीची शेंडी नावाचा सुळका आहे. मनमाडकडे येणाऱ्या रेल्वेतून तो दिसतो आणि त्याचा आकार वर केलेल्या अंगठ्यासारखा आहे. आज निम्मे लोक त्याला 'थम्सअप' म्हणतात. आमच्या आजोबांच्या पिढीला तो हडबीची शेंडी म्हणूनच माहीत होता. एका शीतपेयाच्या चिन्हाने डोंगराचे नाव बदलले, एवढी जाहिरातीची ताकद आहे, म्हणून हा विषय मला किरकोळ वाटत नाही.

याच सुळक्यावर २०२२ च्या जानेवारीत नगरहून आलेल्या गटातल्या दोघांचा मृत्यू झाला आणि ती घटना उतरताना घडली. त्या घटनेचा जाहिरातीशी संबंध जोडण्याचा माझा मुळीच हेतू नाही. तो गट अनुभवी लोकांचा होता आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मला एवढेच लक्षात आणून द्यायचे आहे की जाहिरात नेहमी माथ्यावर संपते. हात पसरलेला माणूस, मागे सूर्य, आणि वस्तूचे नाव. त्या माणसाला अजून खाली यायचे आहे, अंग थकलेले आहे, लक्ष विखुरलेले आहे आणि रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून उतरण्याचा, अँकर पुन्हा तपासायचा आहे, हे दाखवणारी एकही जाहिरात मी पाहिलेली नाही. मदतीसाठी आम्हाला जे फोन येतात, त्यांतले पुष्कळसे दुपारी तीननंतरचे असतात, म्हणजे लोक उतरत असतात तेव्हाचे.

सह्यवारी

शोधबचाव, नावाबद्दल आपण लिहिलेत ते मनाला लागले. मनाली-रोहतांग रस्त्यालगतच्या खडकांवर शीतपेय कंपन्यांनी आणि इतरांनी जाहिराती रंगवल्या होत्या, त्याबद्दल २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दंड केला होता. तो रंग निदान खरवडून काढता तरी येतो.

कातळवाट

सर्वांचे आभार. सह्यवारी सर, हिरकणी आणि कोंढाण्याबद्दल आपण म्हणता ते मी मान्य करतो, त्या बाजूने मी विचार केला नव्हता.

अक्षरजुळणी, दोन माणसांसाठी वेळ नसतो या आपल्या मुद्द्यावर एक उदाहरण देतो. अमेरिकेत सिटी बँकेच्या कार्डाची एक जाहिरात २०१० नंतरच्या काळात दाखवली जात असे. एक तरुणी निवेदनात सांगते की सुट्टीवर जाण्याआधी तिने पट्टा, नायलॉन आणि बूट अशी खरेदी केली, आणि आपल्याला दिसते की पट्टा म्हणजे हार्नेस (दोर बांधायचा कमरेचा पट्टा), नायलॉन म्हणजे स्लिंग (आधाराला अडकवायची पट्टी) आणि बूट चढाईचे. तिच्या मनात जो 'खडा' होता तो हिऱ्याचा नव्हता, तर युटातल्या फिशर टॉवर्समधल्या एन्शंट आर्ट या पिळदार सुळक्याचा होता. चढणारी केटी ब्राउन ही खरी आणि नावाजलेली आरोहक आहे. दोर शेवटपर्यंत दिसतो, आणि तिला बिले देणारा जोडीदारही दिसतो. तो जोडीदार अ‍ॅलेक्स हॉनल्ड आहे, ज्याने पुढे ३ जून २०१७ रोजी कॅलिफोर्नियातल्या एल कॅपिटनची सुमारे ९०० मीटरची भिंत दोराशिवाय चार तासांच्या आत चढून दाखवली. दोराविना चढण्यासाठी जगभर ओळखला जाणारा माणूस त्या जाहिरातीत दोर धरून उभा आहे. तिथे दोघांची गोष्ट तेवढ्याच वेळात बसली, आणि ती पाहून चढाई करणाऱ्या कोणाही माणसाला मान खाली घालावी लागली नाही.

हॉनल्डचे नाव निघाले म्हणून आणखी एक गोष्ट नोंदवतो. ती भिंत दोराविना चढण्याआधी त्याने तिचे अवघड टप्पे दोर लावून पुन्हा पुन्हा घोटले होते, म्हणजे त्या एकट्या चार तासांच्या मागेसुद्धा दोर होता आणि दोर धरणारी माणसे होती. २०१४ मध्ये क्लिफ बार या कंपनीने त्याच्यासह पाच जणांचे प्रायोजकत्व काढून घेतले, कारण ते पत्करत असलेल्या जोखमीचा लाभ आपण घेणे कंपनीला योग्य वाटेनासे झाले. त्या निर्णयावर पुष्कळ टीका झाली आणि ती बरीचशी रास्तही होती, कारण अशा धाडसाची छायाचित्रे वर्षानुवर्षे वापरून झाल्यावर हा विचार सुचला होता. तरीही जोखमीचा लाभ कोण घेतो, हा प्रश्न एका कंपनीने उघडपणे विचारला, याचे मला मोल वाटते. 'डर के आगे जीत है' हे माउंटन ड्यूचे घोषवाक्य आपल्याकडे सर्वांना पाठ आहे. मी वर्गात त्याविषयी एवढेच सांगतो की भीती ही मागे टाकण्याची वस्तू नाही, ती गाठ तपासायला लावते. ज्या दिवशी मला भीती वाटली नाही, त्या दिवशी मी हार्नेसचा पट्टा बकलमधून परत घ्यायला विसरलो होतो, आणि बिलेअरने चढण्यापूर्वीच्या तपासणीत ते पाहिले.

गोदातीर

तपासणीची ही पद्धत कृपया थोडी लिहाल का? मुलाला वाचून दाखवायची आहे.

कातळवाट

अवश्य. चढणारा आणि बिलेअर समोरासमोर उभे राहतात. बिलेअर चढणाऱ्याच्या हार्नेसचे बकल हाताने ओढून पाहतो, आठच्या आकाराची गाठ दोन्ही जागी ओवलेली आहे ना आणि तिचे पदर एकमेकांवर चढलेले नाहीत ना, हे बोटाने चाचपतो. चढणारा बिलेअरच्या उपकरणात दोर योग्य बाजूने गेला आहे का आणि कॅराबिनरचे लॉक फिरवलेले आहे का, ते दाबून बघतो. मग चढणारा "ऑन बिले?" विचारतो आणि खालून "बिले ऑन" असा होकार आल्याशिवाय पाय जमिनीवरून उचलत नाही. या सगळ्याला वीस सेकंद लागतात. मुलाला घेऊन या, खड्ड्याच्या भिंतीपेक्षा चांगली जागा दाखवतो.

अक्षरजुळणी

वीस सेकंद वाचून मी थांबलो, कारण तेवढा वेळ माझ्याकडे असतो. दोन दिवस डोक्यात एक दृश्य घोळते आहे, आपण सर्वांनी ते दुरुस्त करावे. कॅमेरा बिलेअरच्या डोळ्यांच्या जागी आहे. चढणारी व्यक्ती वर, लहानशी दिसते. आपल्याला दिसतात ते हात आणि हातांतून सरकत जाणारा दोर. मग अचानक दोर ताणला जातो, हात घट्ट होतात, क्षणभर शांतता, आणि वरून आवाज येतो, "ठीक आहे." वस्तू कोणतीही असो.

कातळवाट

दृश्य मला फार आवडले. दोन दुरुस्त्या सुचवतो. झटका बसला की फक्त हात घट्ट होत नाहीत, बिलेअरचे सगळे अंग एक-दोन पावले पुढे आणि वर खेचले जाते, त्यामुळे कॅमेराही तसाच हलला पाहिजे. आणि वरून पहिला आवाज "ठीक आहे" असा येत नाही, आधी "दगड!" असा येतो, कारण पाय सुटताना काहीतरी सोबत खाली येतेच. तेव्हा बिलेअर भिंतीकडे सरकतो, मान खाली घालतो, पण हात दोरावरच ठेवतो.

अक्षरजुळणी

हे मला टेबलावर बसून सुचले नसते. पुढच्या रविवारी मी नाशिकला आहे. मला चढायचे नाही, फक्त दोर धरायला शिकायचे आहे. चालेल का?

कातळवाट

सकाळी साडेसहाला त्र्यंबक नाक्यावर या. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, करवंदाची जाळी अजून तिथेच आहे. गोदातीर, आपणही मुलाला घेऊन आलात तर त्याच्या मापाचे हेल्मेट मी आणून ठेवतो. पहिले दोन तास कोणीही जमिनीवरून पाय उचलणार नाही, एवढे त्याला आधीच सांगून ठेवा.